हिमवादळ येण्याआधी: वीज गेलेल्या घरातल्या तीन दिवसांची तयारी

जानेवारी-फेब्रुवारीत अमेरिकेतल्या हिमवादळाची बातमी मराठी वाहिन्यांवर आली की पुण्या-नागपुराहून फोन सुरू होतात. "बर्फ किती पडलाय? बाहेर जाऊ नका हं." त्याच वेळी डॅलस, न्यू जर्सी किंवा शिकागोत मुलगा-सून दूध, ब्रेड आणि अंड्यांसाठी दुकानाच्या रांगेत उभे असतात. काळजी दोन्हीकडे खरी असते. पण सगळ्यांची नजर बर्फावर खिळलेली असते आणि जिवाला धोका बहुतेक वेळा दुसरीकडून येतो.

फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासात काय झाले ते पाहा. डॅलस परिसरात बर्फ वीतभरसुद्धा पडला नव्हता. तरी राज्याच्या आरोग्य खात्याने त्या वादळाचे २४६ बळी मोजले. त्यांतले १६१ जण थंडी बाधून गेले आणि १९ जण कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूने. पंचेचाळीस लाखांवर घरांची वीज गेली होती, १६ फेब्रुवारीला डॅलसचा पारा उणे १९ अंश सेल्सियसपर्यंत उतरला होता आणि कित्येक माणसे स्वतःच्या घरात गारठून गेली. म्हणून या लेखात तयारीचा अर्थ एकच धरला आहे: वीज नाही, हीटर नाही, कदाचित नळाला पाणीही नाही, अशा घरात ७२ तास सुखरूप राहता येणे.

## आकाशातून नेमके काय पडते?

थंडीतल्या ढगातून बहुधा हिमच निघते. खालपर्यंत हवा शून्याखाली असली तर ते भुरभुरत तसेच जमिनीवर पोचते. हा स्नो. वाटेत उबदार हवेचा थर लागला तर हिम वितळून त्याचा पाऊस होतो. त्याखालचा गार थर जाड असेल तर थेंब पुन्हा गोठतात आणि काचेवर टपटप वाजणारे कण होऊन पडतात. हे स्लीट. गार थर पातळ असेल तर थेंबाला गोठायला सवडच मिळत नाही. तो शून्याखाली जाऊनही पाणीच राहतो आणि फांदी, तार, पायरी, गाडीची काच, ज्याला शिवेल त्यावर गोठून बसतो. हा फ्रीझिंग रेन. शंकरपाळ्यांवर पाकाचा थर चढतो तसा प्रत्येक वस्तूवर पारदर्शक बर्फ चढत जातो.

तिघांत सगळ्यात जास्त भ्यावे ते या फ्रीझिंग रेनला. दिसायला तो साधा पाऊस असतो, म्हणून माणसे सहज बाहेर पडतात. पाव इंच बर्फ चढला की फांद्या मोडू लागतात. अर्धा इंच चढला तर दोन खांबांमधल्या तारांवर दोनशे-अडीचशे किलोंची भर पडू शकते. वीज जाते ती इथे.

ब्लिझर्ड हा शब्द बातमीत सरसकट वापरला जातो, पण अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेची त्याची व्याख्या काटेकोर आहे: ताशी ३५ मैल, म्हणजे ५६ किलोमीटर किंवा त्याहून जोराचा वारा, हिमामुळे पाव मैलापलीकडचे न दिसणे, आणि ही स्थिती निदान तीन तास टिकणे. या व्याख्येत हिम किती पडले याचा उल्लेखच नाही. कालच पडलेले हिम आज वाऱ्याने उडाले तरी ब्लिझर्ड होतो.

## वॉच, वॉर्निंग, ॲडव्हायझरी: फोनवर आलेला इशारा कसा वाचायचा?

वॉच म्हणजे दूध गॅसवर ठेवले आहे, स्वयंपाकघर सोडून जाऊ नका. वादळाची शक्यता बरीच आहे आणि तयारीला साधारण एक-दोन दिवस हातात आहेत. वॉर्निंग म्हणजे दूध वर आले आहे. वादळ सुरू झाले आहे किंवा होण्याच्या बेतात आहे, आता रस्त्यावर जाऊ नये. ॲडव्हायझरी ही वॉर्निंगपेक्षा सौम्य असते, पण "किरकोळ आहे" असा तिचा अर्थ नव्हे. घसरून हाड मोडायला ती पुरेशी असते. खरेदी वॉच लागताच करावी. वॉर्निंगनंतर दुकानात गेलात तर रिकामे फडताळ आणि निसरडा रस्ता दोन्ही वाट्याला येतात.

इशाऱ्यात आणखी एक आकडा असतो, विंड चिल. बशीतला चहा फुंकला की लवकर निवतो, तसाच वारा आपल्या त्वचेभोवतीची ऊब उडवून नेतो. शून्य अंश फॅरनहाइट म्हणजे उणे १८ सेल्सियस. त्यात ताशी १५ मैलांचा वारा सुटला तर उघड्या त्वचेला ते उणे १९ फॅरनहाइट, म्हणजे उणे २८ सेल्सियससारखे लागते, आणि अर्ध्या तासात कान-नाक-बोटे गोठून निकामी होऊ लागतात. हा आकडा जिवंत त्वचेसाठी आहे. गाडी किंवा नळ वाऱ्याने लवकर थंड होतो, पण हवेच्या खऱ्या तापमानाच्या खाली जात नाही.

## "आमचा हीटर गॅसवर चालतो, मग विजेची काय चिंता?"

हा गैरसमज फार पसरलेला आहे. घर तापवणारा फर्नेस गॅस जाळतो खरा, पण त्याची ठिणगी, नियंत्रणाचे सर्किट आणि गरम हवा खोल्याखोल्यांत ढकलणारा पंखा विजेवर चालतो. वीज गेली की गॅस असूनही घर थंड. स्वयंपाकाच्या गॅसची शेगडी बऱ्याच घरांत काडीने पेटवता येते, पण काही नव्या शेगड्यांत वीज नसली की गॅस आपोआप बंद होतो. तुमची कोणती, हे आजच बघून ठेवा. इंडक्शन आणि इलेक्ट्रिक शेगडीचा तर प्रश्नच मिटला.

टेक्सासात वीज इतके दिवस का गेली हेही समजून घेण्यासारखे आहे. विजेच्या जाळ्यात मागणी आणि पुरवठा क्षणोक्षणी जुळावे लागतात. पुरवठा कमी पडला की जनित्रे मंदावतात, चढावर बैलांची चाल मंदावावी तशी, आणि फार मंदावली तर स्वतःला वाचवण्यासाठी एकामागून एक बंद पडतात. १५ फेब्रुवारीच्या पहाटे राज्याचे जाळे संपूर्ण कोसळण्यापासून अवघे ४ मिनिटे ३७ सेकंद दूर होते. ते टाळण्यासाठी वीस हजार मेगावॉटचा भार तोडला गेला.

नैसर्गिक वायूच्या विहिरी आणि नळ्या गोठल्या होत्या, त्यामुळे वायूवरची वीजकेंद्रे थांबली. वीज तोडल्यामुळे वायू ढकलणारे पंप थांबले, म्हणून आणखी केंद्रे थांबली. टेक्सासचे जाळे देशाच्या बाकीच्या जाळ्यांशी अगदी थोडे जोडलेले असल्याने शेजाऱ्यांकडून मदत घ्यायलाही मर्यादा होती. भारनियमन मराठी माणसाला नवे नाही, पण आपल्याकडे पाळी ठरलेली असायची आणि वीज परत यायची. इथे तुटलेला भार इतका मोठा होता की पाळी फिरवायला जागाच उरली नाही. ज्या भागात रुग्णालयासारखी जोडणी होती तिथे दिवे राहिले, बाकीचे दिवसचे दिवस अंधारात. तेव्हा "दोन तासांत येईल" या हिशेबावर कधी राहू नये.

## घरात काय आणि किती?

पाण्यापासून सुरुवात करा. माणशी दिवसाला एक गॅलन, म्हणजे ३.८ लिटर. चौघांचे घर, तीन दिवस: ४६ लिटर. हे पिण्यापुरते आणि जुजबी धुण्यापुरते झाले. फ्लशसाठी बाथटब आणि बादल्या वेगळ्या भरून ठेवा. कमोडमध्ये वरून जोरात बादलीभर पाणी ओतले की नळाला पाणी नसतानाही तो साफ होतो. पाण्याचा दाब गेला की नळातून दूषित पाणी येण्याची भीती असते. टेक्सासात लाखो लोकांना पाणी उकळून पिण्याची सूचना होती. खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट पुरते.

जेवणाच्या बाबतीत आपले घर अनेकांपेक्षा बरे असते. चुलीवर चढवावे न लागणारे पदार्थ मराठी स्वयंपाकात भरपूर आहेत: दडपे पोहे, दुधाच्या भुकटीत कालवलेले सातूचे पीठ, चिवडा, दाण्याचे आणि डिंकाचे लाडू, चिक्की, गूळ-शेंगदाणे. थंडीत शरीराला जास्त उष्मांक लागतात, त्यामुळे एरवी "फार तुपकट" म्हणून बाजूला पडणारा लाडू इथे नेमका कामाचा. गव्हाच्या-तांदळाच्या पोत्यांवर मात्र विसंबू नका. शिजवायला आग आणि पाणी दोन्ही लागतात.

फ्रिज उघडला नाही तर आतले अन्न चार तास चांगले राहते. भरलेला फ्रीझर ४८ तास, अर्धा भरलेला २४ तास. म्हणून वादळाआधी मोकळ्या जागेत पाण्याच्या बाटल्या गोठवून भरा. "बाहेर एवढी थंडी, भाजीचे भांडे अंगणातच ठेवू" हा विचार सुचतो खरा, पण दुपारचे ऊन पडले की भांडे तापते आणि प्राणीही येतात. त्यापेक्षा बाहेर डब्यात पाणी गोठवून तो बर्फ आत आणावा.

भेटीला आलेले आई-वडील घरात असतील तर औषधे निदान आठवड्याची असू द्या. रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या गोळ्या परदेशात ऐनवेळी मिळत नाहीत. इन्सुलिन एकदा गोठले की ते टाकूनच द्यावे लागते, वितळल्यावरही चालत नाही. घर फारच गार झाले तर ते पाकिटात घालून अंगालगतच्या खिशात ठेवायचे, पण थेट त्वचेला चिकटवून नाही. ऑक्सिजनचे यंत्र कोणाला लागत असेल तर वीज कंपनीकडे आधी नोंद करावी आणि तरीही दुसरे ठिकाण ठरवून ठेवावे, कारण नोंद म्हणजे वीज जाणार नाही याची हमी नव्हे.

बाकी गोष्टी पटकन: डोक्याला बांधायचा एलईडी टॉर्च, जास्तीच्या बॅटऱ्या, बॅटरीवरचा रेडिओ, भरलेल्या पॉवर बँक, थोडी रोकड. मेणबत्त्या शक्यतो नकोच, अंधारात ब्लँकेटांच्या गर्दीत आग लागायला एक पुरते. भारतात फोन करण्याची वेळही आधी ठरवा. टेक्सासात सकाळचे आठ म्हणजे पुण्यात संध्याकाळचे साडेसात. रोज त्या वेळी "सगळे ठीक" एवढाच लेखी निरोप जाईल असे सांगून ठेवले तर व्हिडिओ कॉलमध्ये बॅटरी संपत नाही आणि तिकडे आईचा जीवही टांगणीला लागत नाही.

## एकाच खोलीत या

वीज गेली की सगळे घर उबदार ठेवण्याचा नाद सोडावा. कमी खिडक्यांची, शक्य तर दक्षिणेकडची एक लहान खोली निवडा. गालिचा असेल तर उत्तम. दाराखालच्या फटीत टॉवेल, खिडकीवर जाड रजई. दिवसा ऊन येत असेल तर पडदा उघडा, सूर्य मावळताच बंद. स्वस्थ बसलेले माणूस साधारण शंभर वॉटच्या जुन्या बल्बाइतकी उष्णता टाकत असते. चार माणसे एका खोलीत म्हणजे चारशे वॉटचा हीटर. मुलांचा खेळण्याचा तंबू आत उभारून त्यात झोपलात तर तीच ऊब आणखी छोट्या जागेत कोंडली जाते.

कपडे सैल आणि थरावर थर. अंगालगत सुती नको. घाम आला की सुती कापड ओले राहते आणि ओले कापड ऊब शोषून घेते. लोकर किंवा सिंथेटिक थर्मल आत, त्यावर स्वेटर, त्यावर जॅकेट, कानटोपी आणि मोजे झोपतानाही. एक वर्षाखालच्या बाळाच्या पाळण्यात मात्र सैल गोधडी नको, श्वास कोंडू शकतो. त्याला अंगभर कपडे आणि स्लीप सॅक, म्हणजे अंगात घालायची झोपण्याची पिशवी.

शरीराचे आतले तापमान ३५ अंश सेल्सियसच्या खाली गेले की त्याला हायपोथर्मिया म्हणतात. सुरुवातीला जोरात थरथर, बोटांनी बटण न लागणे. मग जीभ जड होते, बोलणे असंबद्ध होते, चाल अडखळते. सर्वांत वाईट खूण म्हणजे थरथर थांबणे. घरच्यांना वाटते बरे वाटतेय, पण शरीराने तेव्हा हार मानायला सुरुवात केलेली असते. वृद्धांच्या बाबतीत तर घर १५ ते १८ अंशांवर असतानाही हे होऊ शकते, कारण त्यांना थंडी उशिरा जाणवते आणि थरथर कमी होते. "मला काही होत नाही, तुम्ही मुलांना पांघरा" असे आजी म्हणाल्या तरी तासातासाने त्यांच्याशी बोलून पाहा. ओले कपडे काढा, आधी छाती, मान आणि पोट उबवा, शुद्धीत असतील तर गरम गोड पेय द्या. हातपाय चोळू नका, मद्य देऊ नका. मद्याने त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि आतली ऊब बाहेर निघून जाते. ९११ ला, म्हणजे अमेरिकेतल्या तातडीच्या मदतीच्या क्रमांकाला, फोन करायला संकोच नको. जवळचे उबदार निवारा केंद्र कुठे आहे ते बहुतेक ठिकाणी २११ या क्रमांकावर कळते.

## ऊब मिळवताना विष: कार्बन मोनॉक्साइड

या लेखातला एकच भाग लक्षात ठेवायचा असेल तर हा ठेवा.

काहीही अर्धवट जळले की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. महाराष्ट्रात बंद न्हाणीघरात गॅस गीझर चालू असताना माणसे दगावल्याच्या बातम्या दर थंडीत येतात, त्यामागे हाच वायू असतो. रक्तातले हिमोग्लोबिन ही ऑक्सिजनला नेणारी एसटी आहे असे समजा. कार्बन मोनॉक्साइड आधी येऊन प्रत्येक सीटवर रुमाल टाकून बसतो, आणि ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून घट्ट बसतो. गाडी धावते आहे, पण ज्याला न्यायचे तो स्टँडवरच. फुफ्फुसात हवा जात असते आणि मेंदू मात्र उपाशी मरत असतो.

डोके दुखणे, गरगरणे, मळमळ, गळून जाणे ही लक्षणे. सगळ्या घराला एकदम होत असतील आणि बाहेर गेल्यावर बरे वाटत असेल तर शंका नको. सगळ्यांनी तत्काळ बाहेर पडावे आणि मग ९११. झोपेतल्या माणसाला लक्षण कळतच नाही.

म्हणून कोळशाची शेगडी किंवा बार्बेक्यू घरात पेटवायचा नाही. स्वयंपाकाच्या गॅसवर किंवा ओव्हनचे दार उघडून खोली तापवायची नाही. बंद गराजमध्ये गाडी चालू करून आत बसायचे नाही. "गराजचे दार उघडे ठेवले तर?" असे हमखास विचारले जाते. तरीही नाही. वारा उलटा फिरला की धूर आतच साचतो, आणि गराजच्या भिंतीतून घरात शिरायला त्याला फटी पुरेशा असतात. खिडकी किलकिली ठेवण्याचेही तेच.

जनरेटर घरापासून निदान २० फूट, म्हणजे सहा मीटर दूर, धुराचे तोंड घराच्या आणि शेजाऱ्यांच्या खिडक्यांच्या उलट्या दिशेला. त्याची वायर भिंतीतल्या सॉकेटमध्ये कधीही खुपसू नये. वीज उलटी तारांत जाते, ट्रान्सफॉर्मर तीच वीज हजारो व्होल्टची करतो आणि खांबावर दुरुस्ती करणारा कामगार मरतो. एक तर इलेक्ट्रिशियनकडून ट्रान्सफर स्विच, म्हणजे घर बाहेरच्या तारांपासून तोडून जनरेटरला जोडणारा स्विच, बसवून घ्यावा, नाही तर बाहेर वापरायच्या जाड एक्स्टेन्शन वायरने फ्रिज, फोन असे थेट जोडावे. पेट्रोल भरताना जनरेटर बंद करून थंड होऊ द्यावा.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म प्रत्येक मजल्यावर आणि झोपायच्या खोल्यांबाहेर हवा, बॅटरीवर चालणारा किंवा बॅटरीची जोड असलेला. धुराचा अलार्म वेगळा, तो हा वायू ओळखत नाही. अलार्म उलटा करून मागची तारीख वाचा. आतला सेन्सर पाच ते दहा वर्षांत निकामी होतो, बटण दाबल्यावर आवाज आला म्हणून तो वायू ओळखेलच असे नाही. आणखी एक गोष्ट अगदी जाणकारही विसरतात. नव्या फर्नेसचा धूर घराच्या बाजूच्या भिंतीतून पांढऱ्या प्लास्टिक नळीने बाहेर पडतो. तिच्यासमोर बर्फाचा ढीग साचला तर धूर कोंडतो. वादळ चालू असतानाही ती नळी मोकळी आहे ना, हे बघावे लागते.

## गाडी: न काढणे हीच पहिली खबरदारी

डिसेंबर २०२२ मध्ये, ऐन नाताळात, बफेलोवर ब्लिझर्ड आला. इरी सरोवराच्या पूर्व टोकाला हे शहर आहे. न गोठलेल्या सरोवरावरून येणारा थंड वारा वाफ उचलतो आणि शहरावर हिम ओततो. सुमारे ३७ तास समोरचे काही दिसत नव्हते. २३ डिसेंबरला सकाळी साडेनऊला वाहतूकबंदी लागली, तोवर अनेक जण कामावर पोचलेले होते. त्या भागात चाळीसहून अधिक माणसे गेली. काही गाडीत सापडली, काही रस्त्यावर, काही घरात रुग्णवाहिकेची वाट पाहत. अग्निशमन दलाच्या गाड्याच बर्फात अडकल्या होत्या, तेव्हा "अडकलो तर फोन करू" या भरवशालाही मर्यादा आहे.

"आमची गाडी चारही चाकांवर चालते" हा दुसरा भरवसा. चारही चाकांना मिळालेली ताकद गाडी हलवायला उपयोगी पडते. थांबवायला नाही. ब्रेक सगळ्याच गाड्यांना चार चाकांवर असतात आणि बर्फावर पकड टायरचीच असते. ११ फेब्रुवारी २०२१ ला फोर्ट वर्थच्या महामार्गावर १३० हून जास्त गाड्या एकमेकींवर आदळल्या, सहा जण गेले. रस्त्यावर होता तो फ्रीझिंग रेनचा पातळ, डांबराच्याच रंगाचा थर, ज्याला ब्लॅक आइस म्हणतात. पुलांवर तो आधी बनतो, कारण पुलाला वरून आणि खालून दोन्हीकडून थंड हवा लागते. मीठ टाकले आहे म्हणून निर्धास्त राहू नका, पारा उणे ९ सेल्सियसच्या खाली गेला की साधे मीठ बर्फ वितळवेनासे होते.

निघावेच लागले तर पेट्रोलची टाकी निदान अर्धी. इलेक्ट्रिक गाडी असेल तर पूर्ण चार्ज, आणि थंडीत हीटर लावल्यावर पल्ला बराच घटतो हे धरून चाला. तापमान दहा अंश फॅरनहाइटने उतरले की टायरचा दाब सुमारे एक पीएसआय उतरतो, तो तपासा. काच धुण्याचे पाणी न गोठणाऱ्या जातीचे हवे, आणि ते विषारी असल्याने मुलांच्या हाती लागू नये. गाडीत ब्लँकेट, फावडे, चाकांखाली टाकायला वाळूची किंवा कॅट लिटरची (मांजराच्या शौचपेटीतल्या दाणेदार मातीची) पिशवी, टॉर्च, पाणी, लाडू-चिक्की, फोनचा चार्जर.

अडकलात तर गाडी सोडून चालत निघू नका. पांढऱ्या झोतात पन्नास पावलांवरचे घरही सापडत नाही, गाडी मात्र शोधणाऱ्यांना सापडते. आधी बाहेर उतरून धुराच्या नळीभोवतीचा बर्फ काढा, नाही तर तोच विषारी वायू आत येतो. मग तासाला साधारण दहा मिनिटे इंजिन चालवा, त्या वेळात वाऱ्याच्या आडोशाची काच थोडी खाली करा. दर वेळी इंजिन लावण्याआधी नळी पुन्हा मोकळी करा. आरशाला किंवा अँटेनाला भडक रंगाची ओढणी बांधा. सगळ्यांनी एकदम झोपू नका. तहान लागली म्हणून बर्फ तसाच खाऊ नका, तो वितळवायला शरीराचीच ऊब खर्ची पडते.

## फावडे उचलण्याआधी

नव्याने पडलेले हिम हलके वाटते. हिशेब करा: दहा इंच हिम वितळले तर ढोबळ मानाने एक इंच पाणी होते. सहा बाय आठ मीटरच्या ड्राइव्हवेवर ३० सेंटिमीटर हिम म्हणजे जवळजवळ दीड टन वजन. थंडीने रक्तवाहिन्या आकुंचन पावलेल्या, हातांवर ताण, श्वास रोखून उचलणे. हृदयावर एकाच वेळी इतका भार क्वचित पडतो. चाळिशी-पन्नाशी ओलांडलेले, मधुमेह किंवा रक्तदाब असलेले, एरवी बैठे काम करणारे, यांनी हे काम शेजारच्या तरुणाला पैसे देऊन करून घ्यावे. करायचेच तर उचलू नका, ढकला. दर काही इंचांनी बाहेर येऊन थोडे थोडे काढा.

## "पृथ्वी तापतेय म्हणतात, मग ही थंडी कुठून?"

तापमानवाढ ही सगळ्या पृथ्वीच्या अनेक वर्षांच्या सरासरीची गोष्ट आहे. एका राज्यातल्या एका आठवड्याने ती खोटी ठरत नाही. आर्क्टिकवरची थंडगार हवा ध्रुवाभोवती फिरणाऱ्या वाऱ्यांनी एरवी वरच रोखलेली असते. हे वारे कमजोर झाले किंवा ताणले गेले की ती हवा दक्षिणेकडे ओघळते. तापणारे आर्क्टिक हे ओघळणे वाढवते आहे का, यावर शास्त्रज्ञांत अजून एकमत नाही. उबदार हवा जास्त बाष्प धरते, एका अंश सेल्सियसला सुमारे सात टक्के, हे मात्र पक्के आहे. म्हणजे पारा शून्याखाली असेल तिथे वादळाला ओतायला माल जास्त मिळतो.

## नळ कुठे फुटतो आणि कधी कळतो?

बाहेर उणे ७ सेल्सियसच्या आसपास गेले की उघड्या, आवरण नसलेल्या नळ्या गोठू लागतात. दक्षिणेकडच्या घरांत त्या बाहेरच्या भिंतीतून किंवा माळ्यावरून नेलेल्या असतात, त्यामुळे तिथे नुकसान जास्त. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगते हे शाळेत शिकलेले असते, पण नळी सहसा बर्फ झालेल्या जागी फुटत नाही. बर्फाचा बोळा आणि बंद तोटी यांच्यामध्ये पाणी कोंडते, बोळा वाढत जाऊन ते दाबतो, आणि दाब असह्य झाला की तिथे कुठेतरी नळी चिरते. तोटी बारीक धारेने चालू ठेवण्याचे कारण हेच. दाब निघून जातो.

गार आणि गरम दोन्ही बाजूंनी धार सोडा. सिंकखालच्या कपाटांची दारे उघडी ठेवा म्हणजे खोलीची ऊब नळीपर्यंत पोचेल. आतल्या विषारी फवारण्या आधी उचला, घरात रांगते मूल असू शकते. बागेचा पाइप सोडवून ठेवा. गावाला जाणार असाल तरी हीटर १३ अंश सेल्सियसच्या खाली ठेवू नका. आणि घराचा मुख्य व्हॉल्व्ह कुठे आहे, कोणत्या दिशेने फिरतो, हे घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाने हाताने फिरवून पाहिलेले असावे. वीज जाऊन तासचे तास झाले आणि घर शून्याकडे चालले तर तो बंद करून सर्वांत वरच्या आणि सर्वांत खालच्या तोट्या उघडा, नळ्या रिकाम्या होतील. गोठलेली नळी वितळवताना तोटी उघडी ठेवून तोटीच्या टोकाकडून सुरुवात करा, हेअर ड्रायरने किंवा गरम फडक्याने. पेटता टेंभा नको.

चिरलेली नळी गोठलेली असेपर्यंत गळत नाही, बर्फच बूच लावून बसलेला असतो. वीज येते, घर तापते, मुले अंघोळीला पळतात, आणि तेव्हा माळ्यावरून छतातून पाणी कोसळते. म्हणून वीज आली की आधी व्हॉल्व्ह थोडाच उघडा, पाण्याच्या मीटरकडे पाहा. सगळ्या तोट्या बंद असताना काटा फिरत असेल तर कुठेतरी गळते आहे. त्यानंतरचे काही तास घर सोडू नका आणि व्हॉल्व्हचा पाना हाताशी ठेवा.